पाळीची तारीख कुणी ठरवायची?

श्रावण लागला की औषधांच्या दुकानांत एका गोळीची मागणी वाढते आणि भाद्रपदात गौरी जेवून जाईपर्यंत ती चढतीच राहते, हे कुठलाही केमिस्ट सांगेल. त्याच सुमारास या गोळीवरचं भांडणही नव्याने पेटतं. मध्यंतरी एका डॉक्टरांनी मुलाखतीत एक प्रसंग सांगितला. घरच्या पूजेसाठी पाळी लांबवणारी गोळी घेतलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या पायात रक्ताची गुठळी झाली, तिला वेळेवर दाखल केलं गेलं नाही आणि ती गेली. ती चित्रफीत घरोघरच्या ग्रुपवर फिरली आणि लगेच तट पडले. काहींनी लिहिलं, निसर्गाच्या विरुद्ध गेलं की असंच होणार. काहींनी लिहिलं, आमची श्रद्धा आहे, तुमच्या पोटात का दुखतं? उरलेल्यांनी ‘माझं शरीर, माझा निर्णय’ एवढं लिहून विषय मिटवला. हे तिन्ही पक्ष आपापल्या सोयीच्या जागी उभे आहेत, असं मला वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगते. पाळी चार दिवस पुढे ढकलणं किंवा एखाद्या महिन्यात ती येऊच न देणं यात वैद्यकीय पाप काही नाही. नीट तपासून, आपल्याला चालणारी गोळी निवडून, कुठल्याही कारणासाठी बाईला हे करता आलं पाहिजे. परीक्षेसाठी, ट्रेकसाठी, दर महिन्याला लोळवणाऱ्या दुखण्यासाठी आणि हो, पूजेसाठीसुद्धा. भांडायचंच असेल तर ती तारीख कोण ठरवतं आणि गोळी कोण आणून हातावर ठेवतं, यावर भांडू या.

धोक्याचा मुद्दा आधी घेते, कारण विरोधकांचा तो सगळ्यात खणखणीत मुद्दा आहे आणि तो खरा आहे. आपल्याकडे ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची, पाच मिलिग्रॅमची. पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करायची, दिवसाला तीन घ्यायच्या, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. प्रत्यक्षात काय होतं? नवरा नाहीतर भाऊ काउंटरशी येतो, बाकीचं गिऱ्हाईक हटेपर्यंत घुटमळतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘‘घरी कार्यक्रम आहे.’’ पुढचं बोलावं लागत नाही. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, तीन दिवसांच्या नऊ गोळ्या कागदात गुंडाळतो. बऱ्याचदा औषधाचं नाव आणि मुदत कापलेल्या तुकड्यावरच राहते, आणि आतली माहितीची घडी तर नसतेच. जिच्या पोटात ती जाणार तिला कुणी विचारलेलं नसतं की बाई, तुला पूर्वी कधी पायात गुठळी झाली होती का, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं का, बीपी किती, यकृताचं काही आहे का, दिवस गेलेले तर नाहीत ना. दिवसाला पंधरा मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन पोटात गेलं की त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची शक्यता वाढते. म्हणजे ‘ही काय, साधी गोळी’ असं समजून घेतलेल्या औषधातही गुठळीचा धोका असतोच.

तो किती? याच्या शेजारची तुलना हाताशी आहे. गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांमध्ये वर्षाला साधारण दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली नेहमीची संयुक्त गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि दुसरं एक संप्रेरक एकत्र असलेली गर्भनिरोधक गोळी, घेणाऱ्या दहा हजारांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याच्या कितीतरी वर जातो, पण त्यासाठी कुणी ‘पोर होऊ देऊ नकोस, गुठळी होईल’ असा निरोप ग्रुपवर टाकलेला मी पाहिलेला नाही. धोका आहे, तो थोडा आहे आणि तो कुणाला जास्त आहे हे चार प्रश्न विचारून बऱ्याच अंशी कळतं. त्या मुलीच्या गोष्टीतून घ्यायचा धडा मला तरी एवढाच दिसतो की हे चार प्रश्न विचारल्याशिवाय गोळी मिळू नये, आणि पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर रात्र आहे, उद्या बघू, असं म्हणू नये. त्यातून ‘पाळी अडवणंच पाप’ हा निष्कर्ष निघत नाही.

आणि इथे पुरोगामी मंडळींशी माझं भांडण सुरू होतं. विटाळाच्या कल्पनेशी लढता लढता त्यांनी ‘पाळी नैसर्गिक आहे, तिला हात लावू नका’ हे शस्त्र उचललं. शस्त्र धारदार आहे, पण ते आपल्याच माणसांवर उलटतं. संयुक्त गोळीच्या पाकिटाकडे नीट पाहा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पट्टीत अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस संप्रेरकांच्या, आणि वेगळ्या रंगाच्या सात, ज्यांत फक्त लोह असतं. त्या सात दिवसांत जो रक्तस्राव होतो तो औषध थांबल्यामुळे झालेला असतो. बीज बाहेर पडून, आतलं अस्तर निसर्गक्रमाने तयार होऊन आलेली ती पाळी नव्हे. मग ही सात दिवसांची सुट्टी ठेवली कशाला? ही गोळी तयार करण्यात ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे दोघं पुढे होते. अमेरिकेत १९५७ साली तिला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून मान्यता १९६० साली. दर महिन्याला रक्त दिसलं की बाईला दिवस गेले नसल्याची खात्री पटेल आणि सगळं ‘नैसर्गिक’ दिसेल, हा त्या सुट्टीमागचा हिशेब होता. रॉक स्वतः निष्ठावान कॅथलिक. चर्चला गोळी पटावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. चर्चला ती पटली नाहीच, १९६८ साली पोपनी स्पष्ट नकार दिला. पण सात दिवसांची सुट्टी मात्र पाकिटात कायमची राहिली. २००३ साली अमेरिकेत वर्षातून चारदाच पाळी येईल अशी गोळी मंजूर झाली, २००७ साली वर्षभर येणारच नाही अशी. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ साली स्पष्ट लिहिलं की या सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. म्हणजे संयुक्त गोळी घेणाऱ्या बाईने लोहाच्या सात गोळ्या सोडून लगेच दुसरी पट्टी सुरू केली, तर निसर्गाचा कुठलाही कायदा मोडत नाही. फार तर मधेच थोडं डाग लागल्यासारखं होईल, आणि तेही तिला आधी सांगून ठेवावं.

बरं, निसर्ग निसर्ग म्हणतो तो तरी कुठला? माझ्या आजीला नऊ बाळंतपणं झाली. प्रत्येक मूल दीड-दोन वर्षं अंगावर पिणारं. तिला आयुष्यात किती वेळा पाळी आली असेल? पूर्वीच्या बाईला आयुष्यात शंभरेक पाळ्या येत असाव्यात आणि आजच्या, एका-दोन मुलांवर थांबणाऱ्या बाईला साडेतीनशे-चारशे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा बाराही महिने न चुकता येणारी पाळी हीच आपल्या जगण्याने घडवलेली गोष्ट आहे. एंडोमेट्रिओसिसने (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराने) दर महिन्याला आडवी होणारी मुलगी, फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या गाठींमुळे) दिवसाला दहा-दहा पॅड लागणारी बाई, यांच्यासाठी पाळी लांबवणं किंवा थांबवणं हाच उपचार असतो. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत, पहिलं कारण ताटातलं. पण अंगावरून जाणारं जास्तीचं रक्त त्यातलं एक आहेच. दर महिन्याला आडव्या होणाऱ्या त्या मुलीची आई जेव्हा डॉक्टरने लिहून दिलेली गोळी ‘नैसर्गिक गोष्ट अडवायची नाही’ म्हणून कपाटात ठेवून देते, तेव्हा ते वाक्य तिच्यापर्यंत आपण पोचवलेलं असतं. जुन्यांनीही आणि नव्यांनीही.

आता श्रद्धावाल्यांकडे वळते, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या घरात नव्या सुनेने दोन वर्षं मूल नको म्हणून माला-डी आणली की ‘त्या गोळ्या गरम पडतात, गर्भाशय खराब होतं, पुढे दिवसच राहत नाहीत’ असं ऐकवलं जातं, त्याच घरात सत्यनारायणाच्या आदल्या आठवड्यात त्याच जातकुळीचं संप्रेरक, तेही जास्त मात्रेत, बिनबोभाट आणलं जातं. तेव्हा गर्भाशय खराब होत नाही? देशात संततिनियमनासाठी गोळी वापरणारी जोडपी जेमतेम पाच टक्के आहेत. बाईने स्वतःसाठी मागितली की ती गोळी वाईट, घराच्या वेळापत्रकासाठी दिली की चालते! माझा आक्षेप इथे आहे. रसायन दोन्हीकडे जवळपास तेच, फरक फक्त कुणाच्या सोयीसाठी एवढाच.

लग्नाचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं. मुहूर्त पाहताना घरातल्या बायका हळूच मुलीच्या तारखा विचारतात, बोटांवर हिशेब होतो आणि जुळत नसेल तर नॉरएथिस्टेरॉन येतं. लग्न होतं, पूजा होते, जोडपं फिरायला जातं. मुलीची समजूत अशी की आपण ‘गोळ्या घेतल्यात’, म्हणजे दिवस जाण्याची भीती नाही. पण अशा रीतीने घेतलेलं नॉरएथिस्टेरॉन गर्भनिरोधक म्हणून विसंबण्याजोगं नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. लग्नाच्या महिना-दोन महिने आधी ती डॉक्टरांकडे गेली असती तर तिला चालत असल्यास संयुक्त गोळी सुरू करून पाळीची तारीखही हलवता आली असती आणि पुढची काळजीही मिटली असती. पण त्यासाठी लग्नाआधी मुलीने गर्भनिरोधक गोळी घेतली हे आईला मान्य व्हायला हवं. पूजेसाठी संप्रेरक चालतं, मधुचंद्रासाठी चालत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो असा की ही गोळी विटाळ पोसते. पूर्वी घरात पाळी आली की निदान काहीतरी अडायचं. गौरी ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, त्यांचा दिवस सरकवता येत नाही. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घावन-घाटलं, सगळा डोलारा ज्या बाईच्या कमरेवर उभा, तीच ऐन दिवशी बाजूला बसली की घर हादरायचं. त्या हादऱ्यातूनच काही घरांत वाद झाले आणि काही घरांत ‘होऊ दे, कर तू, देवीही बाईच आहे’ असं म्हटलं गेलं. गोळीने ती ठिणगीच विझवली. आता कुणाला आपला विटाळ तपासून पाहावाच लागत नाही. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारं ऋषिपंचमीचं व्रत आठवा. पाळीत भांड्यांना शिवल्यामुळे पुढच्या जन्मी कुत्री झालेल्या बाईची ती कथा. वर्षभरात कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचं ते प्रायश्चित्त. परंपरेकडे निदान झाल्यानंतरची माफी तरी होती; गोळीने आता आधीच हजेरीपत्रक स्वच्छ करून ठेवायची सोय केली आहे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. यातलं बरंचसं मला पटतं.

तरीही मी गोळीच्या बाजूने का? कारण असाच आक्षेप आपण एकदा ऐकलेला आहे, आणि तो करणारा माणूस साधा नव्हता. १९३५-३६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाच्या साधनांना त्यांनी पाठिंबा द्यावा, ही त्यांची इच्छा होती. गांधीजींनी दिला नाही. या साधनांमुळे पुरुषाच्या वासनेला मोकळं रान मिळेल. बाईला शिकवायचंच असेल तर नवऱ्याला नाही म्हणायला शिकवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे साधन देऊ नका, प्रतिकार शिकवा. आज ‘गोळी देऊ नका, सासूशी भांडायला शिकवा’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद याहून वेगळा आहे का? आणि गांधीजींचं भाकीत अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही. मूल थांबवण्याचा भार पुरुषांनी बाईवर ढकललाच: देशात स्त्री-नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पण म्हणून त्या वेळी साधनं अडवून धरायला हवी होती, असं आज कोण म्हणेल? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. त्यांना हे स्पष्ट दिसत होतं की ज्या बाईला नाही म्हणायची सोय नाही तिला ‘नाही म्हण’ असा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. एकत्र कुटुंबातल्या, पदरी कमाई नसलेल्या सुनेने पाहुण्यांनी भरलेल्या घरात गौरीच्याच दिवशी विटाळाविरुद्ध क्रांती करावी, ही अपेक्षा शहरात फ्लॅटमध्ये बसून करणं सोपं आहे. सुधारणेचं ओझं सगळ्यात अशक्त खांद्यावर का? भांडायचं तर मुलाने भांडावं, सासऱ्याने भांडावं, भटजींनी सांगावं. त्यांच्यापैकी कुणाला कधी गोळी घ्यावी लागत नाही.

शिवाय पूजेसाठी गोळी घेणारी प्रत्येक बाई दबलेलीच असते, हेही मी मानत नाही. वर्षातून एकदा माहेरी येणाऱ्या गौरीला स्वतःच्या हाताने सजवायचं, हा अनेकींचा वर्षातला सगळ्यात मोठा आनंद असतो. तिला विटाळ मान्य असेल, नसेल. ती माझ्यासारखी विचार करत नाही म्हणून तिची इच्छा खोटी ठरवण्याचा अधिकार मला कुणी दिला? तिची आणि माझी कसोटी एकच असावी: तिने ‘नाही घेत’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? घर चाललं असतं, फार तर थोडी कुरबुर झाली असती, तर तो तिचा निर्णय. टोमणे, अबोला, ‘तुझ्यामुळे देव उपाशी’ हे ऐकावं लागलं असतं, तर गोळी तिच्या तोंडात गेली असली तरी घेतली दुसऱ्याने.

या कसोटीची सगळ्यात भीषण परीक्षा बीडमध्ये झाली. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. फडात न संडास, न आडोसा, न पुरेसं पाणी. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, सगळं त्या खाड्याशी जोडलेलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ साली पाहिलं तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. यावर कुणी म्हणेल, बघा, पाळी टाळण्याची वाट एकदा मोकळी केली की मालक, मुकादम, कारखाना सगळे तिच्यावरूनच बाईला हाकणार. आज गोळी, उद्या पिशवी. भीती रास्त आहे. पण मला त्या आकड्यात उलटंही काही दिसतं. पोटात दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या या बायकांपैकी कितीजणींना आधी गोळ्या, जंतुसंसर्गाचे औषधोपचार, रक्तस्राव कमी करणारी साधनं दाखवली गेली असतील? ज्यांना साध्या गोळीची माहिती नीट मिळाली नाही त्यांच्यासमोर थेट सुरी आली. माहिती दडवल्याने त्या वाचल्या नाहीत. त्यांना वाचवायचं तर खाड्याचा दंड काढायला हवा, फडावर संडास आणि पाणी हवं, चार दिवस बसता यायला हवं. तेवढं झालं की तिथल्या एखादीने एखाद्या महिन्यात स्वतःहून पाळी पुढे ढकलली तर मला काही म्हणायचं नाही. ते होईपर्यंत मुकादमाने वाटलेली गोळी ही मजुरी कापण्याचाच एक प्रकार ठरेल.

म्हणून गोळीवर बंदीची मागणी करणाऱ्यांना माझी विनंती आहे की ताकद दुसरीकडे लावा. काउंटरवरची चोरटी विक्री थांबवायची तर बाईला उघडपणे विचारता येईल अशी जागा आधी हवी, नाहीतर तोच व्यवहार आणखी अंधारात जाईल. ती जागा गावात आहे: माला-एन घरपोच देणारी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स. लोहाच्या गोळ्या का आहेत, त्या सोडल्या तर काय होतं, कुणी ही गोळी घेऊ नये, पाय सुजला तर कुठे जायचं, एवढं त्यांनी सांगितलं तरी निम्मं काम होईल. दुकानदाराने नऊ गोळ्या कापून देण्याऐवजी नाव दिसेल अशी पूर्ण पट्टी द्यावी, आणि ती चिठ्ठी पाहूनच. शाळेतल्या पाळीच्या तासाला पॅड वाटून फोटो काढण्यापलीकडे कधीतरी हेही शिकवावं. आणि डॉक्टरांनी बीपी आणि अर्धशिशी विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारावा, ‘‘तुला स्वतःला पुढे ढकलायची आहे का?’’ तो विचारण्याआधी सोबत आलेल्या सासूबाईंना बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगावं.